आगकाड्यांची मौज

धनजच्या शिवारांत तुरीचा दाणा पेरला, कीं त्यास अंकुर फुटतो, पानें येतात, रोप वाढतें. हें सर्व आपल्या डोळ्यांदेखत घडतें. तरी वाढणारें रोप हालतांना मात्र कोणास दिसत नाहीं. ही अदृश्य हालचाल पडद्यावर दाखविणारे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके होत. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटामुळें त्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या दोन लहान कृतींविषयीं आम्ही येथें चार शब्द लिहूं इच्छितों.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. मुंबईस प्रभु येशूच्या चरित्रावरील चित्रपट पाहून त्यांस या कलेचा ध्यास लागला. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ सालीं लंडनला गेले व ही विद्या शिकून परतले. परंतु न पाहिलेल्या उद्योगांत पैसा कोण घालणार? तेव्हां त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला आणि थोडें थोडें चित्रण करून त्याची वाढ टिपली. कित्येक दिवसांची ती वाढ पडद्यावर मिनिटभरांत दिसली, आणि भांडवल देणारांचा विश्वास बसला.

पुढें १९१५ सालीं त्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. निर्जीव काडी चालावी कशी? काड्या मांडून एक चित्र घ्यावें, काडी किंचित् सरकवावी, मग दुसरें घ्यावें. मूकपटांत सेकंदास सुमारें १६ चित्रें धरलीं, तर मिनिटाच्या खेळास ९६० चित्रें लागतात. मध्येंच धक्का लागला, कीं श्रम व्यर्थ! फ्रान्समध्यें एमिल कोल यांनीं १९०८ सालीं काड्यांचा असाच खेळ केला होता.

याच रीतीनें पुढें चेक कलावंत यिर्झी त्रंका यांनीं बाहुल्या चालविल्या. वाटाण्याचें रोप पडद्यावर वाढलें, त्याच १९१२ सालीं त्यांचा जन्म झाला. त्यांच्या बाहुलीचा चेहरा बदलत नसे. प्रकाश व मानेचा कल बदलून ते तिच्या ठायीं हर्ष वा शोक प्रकट करीत.

फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें निवर्तले. काड्यांचा तो लघुपट आज उपलब्ध नाहीं. त्याची रीत मात्र हरवलेली नाहीं. विद्यार्थिमित्रहो, जुन्या वहीच्या पानापानाच्या कोपऱ्यावर एकाच काडीचें चित्र किंचित् बदलीत काढा व पानें भराभर सोडा. काडी चालूं लागेल. आणि मूल असा उद्योग करतांना आढळल्यास पालकांनीं रागावण्यापूर्वीं क्षणभर तीं पानें स्वतः सोडून पाहावीं, इतकीच विनंती.