पोट पाहिल्याशिवाय नाव नाही

पावसाळ्यात मुंबईच्या उपनगरांत जिथे जिथे पाणी साचते, तिथे काळे, चकचकीत पाणभुंगेरे दिसू लागतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली डबकी, आरेतल्या पाणथळ जागा, पवई तलावाचा गवताळ काठ ही त्यांची आवडती ठिकाणे. रात्री दिव्यावर येऊन आपटणाऱ्या कीटकांतही ते असतात. यातले बरेचसे हायड्रोफिलिडी या कुळातले. या कुळात जगभरात सुमारे ३,००० जाती आहेत. प्रौढ भुंगेरे मुख्यतः कुजक्या वनस्पती आणि शेवाळ यांवर जगतात, अळ्या मात्र शिकारी असतात.

त्याच पाण्यात डायटिस्किडी कुळातले शिकारी भुंगेरेही राहतात, त्यामुळे पहिला गोंधळ तिथेच होतो. तो मिटवायला भिंग लागत नाही. डायटिस्किडी मागचे दोन्ही पाय एकदम मारत पोहतात, हायड्रोफिलिडी पाय आळीपाळीने हलवतात. हवा घ्यायला वर येताना डायटिस्किडी शेपटीकडची बाजू पृष्ठभागाला लावतात आणि हवा पंखांखाली साठवतात. हायड्रोफिलिडी डोके वर काढतात. त्यांच्या आखूड, टोकाशी गोळा असलेल्या शृंगिका पाण्याचा पापुद्रा फोडतात आणि हवा पोटाकडच्या बारीक लवेत जाऊन बसते. म्हणून पाण्यातल्या भुंगेऱ्याचे पोट चांदीसारखे चमकते. त्याच्या तोंडापुढे लांब मिशांसारखे जे दिसते ते शृंगिका नसून जबड्याचे स्पर्शक असतात.

कुळ ठरल्यावर प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ठरवायचा. इथे भुंगेरा उलटा करावाच लागतो. हायड्रोफिलस ही या कुळातली आकाराने सर्वांत मोठी प्रजाती. भारतात आढळणारा हायड्रोफिलस ऑलिव्हेशियस काही सेंटिमीटर लांब भरतो. त्याच्या छातीखाली मधोमध एक उंच कणा असतो, त्याचे मागचे टोक काट्यासारखे पोटावर मागे गेलेले असते आणि पुढचे टोक पहिल्या पायांमधल्या खोबणीत बसते. स्टर्नोलोफस दिसायला त्याचीच छोटी आवृत्ती, सुमारे १ सेंटिमीटरची. तिलाही कणा असतो. पण पहिल्या पायांमध्ये खोबणीऐवजी नुसती धार असते. वरून काढलेल्या फोटोत यातले काहीच येत नाही.

काही प्रजाती मात्र त्यामानाने सहज ओळखता येतात. अँफिऑप्सचे प्रत्येक नेत्र डोक्याच्या कडेने वर-खाली दुभागलेले असते, त्यामुळे त्याला चार डोळे असल्याचा भास होतो. हेलोकेरिसची मादी अंड्यांची पिशवी पोटाखाली घेऊन हिंडते. बेरोससचे डोळे बाहेर आलेले आणि पंख पिवळट, त्यावर गडद ठिपके. याच प्रजातीत जातीही काहीशा सोप्या पडतात: बेरोसस इंडिकसच्या पंखांच्या टोकाशी काटे असतात, बेरोसस पल्चेलसच्या नसतात.

खरी परीक्षा सीलोस्टोमा या प्रजातीची. मसुराच्या दाण्याएवढे, घुमटाकार, काळे भुंगेरे. पाण्यात पोहण्यापेक्षा काठच्या ओल्या चिखलात, कुजक्या पानांखाली त्यांचा मुक्काम. मधल्या पायांच्या बेचक्यात बाणाच्या टोकासारखा उंचवटा दिसला की प्रजातीबद्दल बऱ्यापैकी खात्री होते. त्यापुढे बाहेरची खूण सहसा उपयोगी पडत नाही. रंग, आकार, पंखांवरचे खड्डे जातीजातींत जवळजवळ सारखेच, आणि एकाच जातीतले नगही आकाराने कमीजास्त. फरक सापडतो तो नराच्या जननेंद्रियात. मधला एक खंड आणि दोन्ही बाजूंना दोन, अशी त्याची रचना असते. त्या खंडांची लांबी, वळण आणि टोकाचा आकार प्रत्येक जातीत ठरलेला असतो.

ते पाहण्याची रीत किचकट असली तरी साधनांचा थाट मागत नाही. वाळलेला नमुना कोमट पाण्यात मऊ करतात. सूक्ष्मदर्शकाखाली, टोक वाकवलेल्या बारीक सुईने पोटाच्या शेवटच्या वलयातून इंद्रिय अलगद बाहेर काढतात. त्याला चिकटलेला मांसल भाग सौम्य कॉस्टिक पोटॅशने विरघळवतात, मग ते ग्लिसरीनमध्ये ठेवून वरून, खालून आणि कडेने तपासतात. शेवटी त्याच भुंगेऱ्याच्या टाचणीवर, ठिकाण आणि तारखेच्या चिठ्ठीसोबत, ते जपून ठेवतात. चिठ्ठी हरवली तर एवढ्या मेहनतीचे मोल फारसे उरत नाही.

भारतीय उपखंडातल्या सीलोस्टोमाच्या अशा पद्धतशीर आढाव्याचा पहिला भाग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सायली शेठ, पुण्याच्या मॉडर्न कॉलेजशी संबंधित हेमंत घाटे आणि मार्टिन फिकाचेक हे त्याचे लेखक. त्याआधी या भुंगेऱ्यांसाठी मुख्य आधार होता तो बेल्जियमचे कीटकशास्त्रज्ञ दॉर्शिमाँ यांच्या लेखनाचा. भारतीय कीटकांच्या सूचीतला त्यांचा भाग १९२८ चा. सीलोस्टोमा स्टल्टम या जातीचे वर्णन तर कीटकशास्त्रज्ञ वॉकरने १८५८ मध्ये श्रीलंकेतल्या नमुन्यांवरून केलेले. अशा जुन्या वर्णनांत नराच्या इंद्रियाचा उल्लेख नसतो, म्हणून नाव कुणाचे हे ठरवायला संग्रहालयातला मूळ नमुनाच पुन्हा तपासावा लागतो.

मादी एकटी सापडली तर अनेकदा प्रजातीवरच थांबावे लागते. अळ्यांचेही तसेच. आता मायटोकाँड्रियातल्या एका जनुकाचा क्रम वाचून मादी आणि अळी यांची ओळखलेल्या नराशी जोडी लावता येते, पण त्यासाठी आधी तो नर नीट ओळखलेला असावा लागतो.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर रेजिंबार्टिया ॲटेन्युएटा देतो. हा काही मिलिमीटरचा, मागे निमुळता होत गेलेला काळा भुंगेरा भारतातही आढळतो. जपानमधल्या कोबे विद्यापीठाच्या शिंजी सुगिउरा यांनी २०२० मध्ये दाखवले, की बेडकाने गिळल्यावर तो आतड्यातून चालत जाऊन गुदद्वारातून जिवंत बाहेर येतो. प्रयोगातल्या सुमारे ९० टक्के भुंगेऱ्यांना हे सहा तासांच्या आत साधले. पाय मेणाने जखडलेल्यांना मात्र साधले नाही. असा गुण एका जातीत आढळला म्हणून शेजारच्या जातीतही असेल असे गृहीत धरता येत नाही. नाव चुकले तर एकीची माहिती दुसरीच्या खात्यावर जमा होते.

हौशी निरीक्षकालाही यात पुष्कळ करता येते. भुंगेरा पांढऱ्या बशीत घेऊन पाठ, कड आणि पोट असे तीन फोटो, शेजारी मोजपट्टी, आणि पाणी वाहते होते की साचलेले याची नोंद, एवढ्यावर प्रजाती बहुधा ठरते. नमुना गोळा करण्याचा प्रश्न आला तर राष्ट्रीय उद्यानात वनखात्याची परवानगी अनिवार्य आहे. परवानगी नसेल तर फोटो काढून भुंगेरा त्याच पाण्यात सोडावा आणि नोंदीत प्रजातीपुरतेच नाव लिहावे.