पेढींतील वकिली कीं कंपनीची नोकरी?

वसई तालुक्यांतील गास हें नालासोपाऱ्याच्या पश्चिमेकडील वाड्यांचें गांव. येथला एखादा तरुण कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होतो, सनद घेतो आणि मुंबईस फोर्टांतील वकिलांच्या पेढींत कामास लागतो. सकाळची लोकल धरून चर्चगेटास जावें आणि रात्रीं उशिरां परतावें, असा त्याचा क्रम. चार-पांच वर्षांनीं एखादी कंपनी त्यास आपल्या कायदा खात्यांत बोलावते. पगार ठरलेला, कामाच्या वेळा बहुधा आटोपशीर. लक्ष्मी टिळा लावावयास आली असतां तोंड धुवावयास जाऊं नये, असें वडीलधारी मंडळी सांगतात. तथापि हा प्रश्न केवळ पगाराचा नाहीं.

प्रथम कामांतील भेद पाहावा. पेढींत अशील अनेक. आज जमिनीचा दावा, उद्यां भागीदारीचा तंटा. वकिलाची दृष्टि विविध प्रकरणांनीं तयार होते, व न पटणारें काम नाकारण्यासही पेढीस कांहीं वाव असतो. कंपनींत अशील एकच, आणि तोच धनी. तेथें करारनाम्याचे मसुदे तपासणें, नोटिशींस उत्तरें देणें, बाहेरचे वकील नेमून त्यांना कागदपत्रें पुरविणें हें मुख्य काम. तंटा उद्भवल्यावर धांवण्यापेक्षां तो उद्भवूंच नये अशी तजवीज करणें, ही या कामाची खरी थोरवी होय. व्यवहार आंतून पाहावयास मिळतो, हा लाभही लहान नव्हे.

आतां सनदेचा प्रश्न. 1961 च्या अधिवक्ता कायद्यान्वयें बार कौन्सिल ऑफ इंडियानें केलेल्या नियमांपैकीं 49 वा नियम असें सांगतो कीं, वकिली करणाऱ्यानें पूर्ण वेळ पगारी नोकरी करूं नये. नोकरी धरल्यास तें बार कौन्सिलला कळवावें आणि नोकरी असेपर्यंत वकिली बंद ठेवावी. हिमाचल प्रदेशाच्या वीज मंडळांतील विधि अधिकारी सतीशकुमार शर्मा यांची वकील म्हणून झालेली नोंद तेथील बार कौन्सिलनें रद्द केली. ते पूर्ण वेळ पगारी नोकर असून त्यांचें काम केवळ न्यायालयांत बाजू मांडण्याचें नव्हतें, या कारणास्तव 2001 सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम ठेवला. अर्थात् नोकरी सुटल्यावर वकिलीचें दार पुन्हां उघडतें. तें कायमचें बंद होत नाहीं.

दुसरी गोष्ट गोपनीयतेची. अशिलानें वकिलास विश्वासानें सांगितलेली गोष्ट उघड करण्याची सक्ति सहसा होत नाहीं. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 नें हें संरक्षण दिलें आहे. परंतु कंपनीचा पगारी सल्लागार न्यायालयांत वकिली करीत नसल्यामुळें त्यास या कलमाचा आधार घेतां येणार नाहीं; कलम 134 चें मर्यादित संरक्षण मात्र मिळूं शकेल, असें सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर 2025 मध्यें ठरविलें. म्हणून ज्याच्या हातीं कंपनीचीं गुपितें येणार, त्यानें काय लिहावें आणि कोणास लिहावें, याचा विवेक अधिकच बाळगला पाहिजे.

तिसरी गोष्ट न्यायासनाची. वकिलांतून जिल्हा न्यायाधीश होऊं इच्छिणाऱ्यास घटनेच्या 233 व्या अनुच्छेदाप्रमाणें किमान 7 वर्षांची वकिली लागते. सनद बाजूस ठेवून कंपनींत घालविलेलीं वर्षें त्यांत धरलीं जात नाहींत. ज्याच्या मनांत ही आकांक्षा आहे, त्यानें हा हिशेब आधींच मांडावा.

याचा अर्थ नोकरी वाईट असा नव्हे. स्वतःची वाडी पिकविणारा आणि दुसऱ्याच्या बागेची निगा राखणारा, दोघेही कष्टाचेंच खातात. परंतु भावाची तेजी-मंदी एकाच्या वांट्यास येते, तर धन्याची मर्जी दुसऱ्याच्या. म्हणून होकार देण्यापूर्वीं तरुणानें तीन गोष्टी विचाराव्यात. कायदा खात्याचा प्रमुख कोणास जबाबदार आहे? प्रतिकूल सल्ला लेखी देण्याची मुभा आहे काय? आणि असा सल्ला दिल्यामुळें पूर्वीं कोणास जावें लागलें आहे काय? या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर सनद कांहीं काळ पेटींत ठेवण्यास हरकत नाहीं. तीं टाळलीं गेलीं, तर मोठ्या पगाराचीही ती जागा स्वीकारूं नये. कारण धन्यास 'हें कायद्यांत बसत नाहीं' असें सांगतां येत नसेल, तर त्या जागीं बसलेला मनुष्य वकील राहत नाहीं, केवळ कारकून उरतो.