यकृताला मार लागतो तेव्हा

उर्दूत आपण ज्याला जिगर म्हणतो, त्याला मराठीत यकृत म्हणतात. ते पोटाच्या वरच्या भागात, उजवीकडे, बरगड्यांच्या आड असते.

जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागात हिरड्याच्या झाडावर चढताना पाय निसटतो. मंचरसारख्या गावात सायकल शिकताना तोल जातो आणि हँडल पोटात घुसते. कातडीवर साधा ओरखडाही नसतो. मूल उठते, कपडे झटकते आणि बोलणी बसतील म्हणून घरी काही सांगत नाही.

मोठ्या माणसाच्या बरगड्या टणक असतात. जोराचा मार बसला तर त्या मोडतात आणि दुखापत लगेच कळते. मुलांच्या बरगड्या लवचीक असतात. त्या न मोडता आत वाकतात व धक्का सरळ यकृतावर पोहोचतो. शिवाय मुलांचे यकृत शरीराच्या मानाने मोठे असते आणि थोडे बरगड्यांखाली उतरलेले असते.

20 किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सारे रक्त जेमतेम दीड लीटर! ते आतल्या आत वाहू लागले तरी बराच वेळ रक्तदाब ठीक दिसतो, मग एकदम ढासळतो. म्हणून पोटात किंवा उजव्या खांद्यात दुखणे, उलटी, चेहरा पांढरा पडणे, यांपैकी काही दिसताच 108 क्रमांकावर फोन करावा. पोट चोळू नये. खायला-प्यायला देऊ नये.

अशा बहुतेक मुलांवर शस्त्रक्रिया करावी लागत नाही. रुग्णालयात निजवून डॉक्टर लक्ष ठेवतात आणि यकृत आपोआप भरून येते. घरी आल्यावर काही आठवडे मात्र सायकल आणि झाड, दोन्ही बंद.