पाव काढला, पण त्या जागी काय?

नाशिकची मिसळ समोर घ्या. मटकीत प्रथिनं आहेत, चोथा आहे. पिष्टाचा मोठा वाटा पाव आणि शेवेचा. कमी कर्बोदकांचा आहार घेणारे पाव बाजूला सारतात. छान! सुरुवातीचे काही महिने वजन उतरतं, साखरही उतरते. पण पावाच्या जागी काय येतं, हा खरा प्रश्न.

अमेरिकेतल्या सुमारे १५,४०० प्रौढांचा २५ वर्षं मागोवा घेणारा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. कर्बोदकांतून ५० ते ५५ टक्के ऊर्जा घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी दिसलं. ४०च्या खाली आणि ७०च्या वर ते वाढलं. पोळीची जागा मटणाने घेतली तर धोका जास्त, डाळी-दाण्यांनी घेतली तर कमी. अर्थात हा नुसता संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे.

आपला भारतीयांचा आकडा मुळात ६२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कमी करायला वाव आहे, भाकरीशी कट्टी घ्यायची गरज नाही. आणि पेठ-सुरगाण्याची नागलीही पिष्टच, बरं का. भातापेक्षा चोथा आणि कॅल्शियम जास्त, इतकंच.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर भात-भाकरी तोडण्याआधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या.