धूळ, धूर आणि सांधे – ७ : कॅपलन यांच्या फिल्म्स

क्युबेकच्या धुराड्यांवर या आठवड्यात लिहीन असं कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी. मध्येच एका वाचकाचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही. त्यांचे काका उभी हयात खडी क्रशरवर होते. कशाच्या तरी निमित्तानं रक्त तपासलं, तर आमवाताशी जोडला जाणारा आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला. सांधा मात्र एकही दुखत नाही. रिपोर्ट चुकीचा समजायचा का, असं ते विचारतात.

याचं उत्तर वेल्समध्ये आहे, आणि वेल्सचा विषय निघाला की मला आवरत नाही.

अँथनी कॅपलन हे कार्डिफच्या न्यूमोकोनिओसिस पॅनेलवरचे डॉक्टर. कोळसा खाणीतल्या कामगाराची छाती धुळीनं किती गेली हे तपासायचं, त्यावर त्याची भरपाई ठरायची. त्यामुळे छातीचे एक्स-रे बघणं हे त्यांचं रोजचंच काम. खाणकामगाराचं फुप्फुस कसं दिसतं हे त्यांना पाठ होतं : बारीक बारीक ठिपके, वर्षानुवर्षं हळूहळू दाटत जाणारे. पण काही फिल्म्स या साच्यात बसेनात. वाटाण्यापासून लिंबापर्यंत आकाराच्या गोल, रेखीव सावल्या, त्याही फुप्फुसाच्या कडेकडेनं. त्या भराभर उगवत, आणि बाकीच्या फुप्फुसात धुळीच्या खुणा तर बेताच्याच असत. ही माणसं एका बाबतीत सारखी होती. त्यांना आमवात होता. १९५३ साली कॅपलन यांनी हे ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात मांडलं.

पाठ्यपुस्तकं साधारण इथेच थांबतात. मला त्याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. काही कामगारांच्या छातीत तशाच सावल्या होत्या, पण सांधे ठणठणीत. तोवर आरए फॅक्टरची तपासणी हाताशी आली होती. नॉर्वेच्या एरिक वालर यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेली ती मेंढीच्या तांबड्या पेशींची चाचणी : आमवाताच्या रुग्णाचं सीरम घातलं की त्या पेशींच्या गुठळ्या होतात. कॅपलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ‘निरोगी सांध्यांच्या’ कामगारांचं रक्त तपासलं, आणि त्यांच्यातही आरए फॅक्टर सापडू लागला. १९६२ मध्ये त्यांनी ‘कॅपलन सिंड्रोम’ची व्याख्याच रुंदावली. सांधे दुखलेच पाहिजेत ही अट गेली.

मला यात पुढच्या साऱ्या संशोधनाची नांदी दिसते. आजार सांध्यांत दिसतो, पण सुरुवात फुप्फुसात होत असेल का? धुळीतल्या सिलिकाचा कण गिळलेली मॅक्रोफेज पेशी तो पचवू शकत नाही, मरते, आतली एन्झाइम्स बाहेर सांडते. प्रथिनांचं रूप बदलतं आणि शरीर त्यांना परकं समजू लागतं. सिगारेटच्या धुराबद्दल गेल्या आठवड्यात पाहिलं, तीच ही वाट. स्वीडनमधल्या अभ्यासात दगड फोडण्या-ड्रिल करण्याचं काम केलेल्या पुरुषांत अँटी-सीसीपी (अशा बदललेल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह आमवात जास्त आढळला, आणि त्यातले जे सिगारेट ओढणारे, त्यांच्यात तर फारच. नेदरलँड्समधल्या रक्तदात्यांच्या साठवलेल्या नमुन्यांत या प्रतिपिंडांच्या खुणा सांधे दुखण्याच्या कित्येक वर्षं आधी सापडल्या आहेत.

तेव्हा काकांचा रिपोर्ट चुकीचाच असेल असं नाही. पण त्यावरून आमवात झाला असंही ठरत नाही. आरए फॅक्टर वयस्कर धडधाकट माणसांतही पॉझिटिव्ह येतो, क्षयात येतो, हिपॅटायटिस सीमध्येही येतो. नुसता कागद बघून कुणी गोळ्या सुरू करत असेल तर करू देऊ नका. अँटी-सीसीपी आणि छातीचा एक्स-रे करावा का, हे डॉक्टरांना विचारा, आणि क्रशरची नोकरी त्यांना आवर्जून सांगा. हे ते सहसा विचारत नाहीत.

पत्रात एक गोष्ट राहिलीय : क्रशर कुठला? दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमध्ये स्फटिकी सिलिका फार कमी असते. त्याची धूळ निरुपद्रवी नव्हे, पण या हिशेबात ती बरीच मागे. पूर्व विदर्भातला ग्रॅनाइट किंवा सिंधुदुर्गातला क्वार्टझाइट असेल, तर मामला वेगळा. तेवढं कळवा. क्युबेकला त्यानंतर जाऊ.