पात्रं सुचली, कथानक कुठून आणायचं?

विठ्ठलवाडी स्टेशनवर कर्जत लोकलची वाट बघताना किती पात्रं दिसतात! पण नुसत्या पात्रांची गोष्ट होत नाही. मग पुढे काय करायचं?

याचं उत्तम उदाहरण लोकलमध्येच जन्मलं. विलेपार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेली हौशी नाट्यमंडळी विजय तेंडुलकरांना लोकलमध्ये भेटली. त्यांच्या गप्पांतून ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक आकाराला आलं. 1967 मध्ये ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने ते रंगमंचावर आणलं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, नायिका बेणारेबाईंच्या भूमिकेत सुलभा देशपांडे.

त्यातून शिकण्यासारख्या चार गोष्टी:

🔹 प्रत्येक पात्राला काहीतरी हवं असू द्या. बेणारेला स्वतःच्या मर्जीनं जगायचंय.

🔹 प्रत्येकाचं एक दुखणं शोधा. नाटकातले सुखात्मे, काशीकर, पोंक्षे हे सगळे कुठेतरी अपयशी आहेत. ती खदखद ते बेणारेवर काढतात.

🔹 सगळ्यांना एकत्र आणणारं निमित्त द्या. इथे वेळ घालवायला मांडलेला खोटा खटला आहे.

🔹 पळवाट बंद करा. बेणारे निघू पाहते, तर दाराला बाहेरून कडी!

उलट व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ वाचा. तिथे माणूस पुरेपूर उभा राहिला की पुरतं, कारण ती व्यक्तिचित्रं आहेत. कथेत मात्र पात्राला निवड करावी लागते आणि त्या निवडीची किंमत मोजावी लागते. कथानक तिथेच सुरू होतं.

तुमच्या वहीत अडकलेलं एखादं पात्र आहे? त्याला काय हवंय आणि आड कोण येतंय, कमेंटमध्ये नक्की लिहा.

#मराठीकथा #लेखन #विठ्ठलवाडी