भर दुपारी झाडाचं पान काम का थांबवतं?

ऊन जितकं जास्त, तितकं झाड जास्त अन्न तयार करणार, असं आपल्याला वाटतं. मग दुपारी बारा-एकला पानांचं काम सगळ्यात जोरात चालायला हवं ना? कोरड्या दिवसांत नेमकं उलट घडतं. उघड्यावरच्या कोवळ्या रोपाचं प्रकाशसंश्लेषण सकाळी वेग घेतं, दुपारी मंदावतं आणि ऊन कललं की पुन्हा थोडं सावरतं.

सकाळ : कमाईची वेळ

रात्रभर मुळं पाणी ओढतात, त्यामुळे सकाळी पान ताजं असतं. हवा गार आणि दमट असते. पानावरची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड आत येतो. पण त्याच दारातून पाण्याची वाफ बाहेर जाते. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू साखरेत बांधताना पाण्याचे शेकडो रेणू उडून जातात!

दुपार : दार बंद

ऊन तापलं की हवा कोरडी होते आणि पाणी भराभर उडू लागतं. मोठ्या सागाची मुळं खोलवरची ओल गाठतात. रोपाची मुळं मात्र वरच्या, लवकर वाळणाऱ्या मातीतच असतात. म्हणून रोप पर्णरंध्रं आवळून घेतं. पाणी वाचतं, पण कच्चा माल थांबतो.

त्यात उष्णतेमुळे आणखी एक घोळ होतो. कार्बन डायऑक्साइड पकडणारं ‘रुबिस्को’ हे विकर चुकून जास्त ऑक्सिजन पकडू लागतं आणि आधीची कमाईही थोडी वाया जाते. वापरता न येणारा प्रकाश पान उष्णतेच्या रूपात सोडून देतं. हे जमलं नाही, तर प्रकाश टिपणारी यंत्रणाच बिघडते.

चार वाजल्यानंतर काम पुन्हा सुरू होतं, पण पाण्याची तूट भरलेली नसल्यामुळे सहसा सकाळइतकं नाही. ढगाळ, पावसाळी दिवशी ही दुपारची घट फारशी दिसत नाही.

दाट रानातलं गणित वेगळं

सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलात जमिनीपर्यंत बऱ्याचदा एक-दोन टक्केच प्रकाश पोचतो. तिथल्या रोपांची बरीचशी कमाई कवडशांवर चालते. अंधारात बसलेल्या पानाला पूर्ण वेग घ्यायला काही मिनिटं लागतात. त्यामुळे पहिला कवडसा अर्धा वाया जातो. पाठोपाठ दुसरा आला, तर त्याचा फायदा जास्त होतो.

याचा आपल्याशी काय संबंध?

रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली वाढलेलं रोप थेट माळरानावर लावलं, तर त्याची पानं करपतात. ती पानं सावलीसाठी घडलेली असतात. म्हणून लावण्याआधी रोपाला काही आठवडे हळूहळू उन्हाची सवय लावतात.

लावलेल्या रोपाला उन्हाळ्यात संध्याकाळी किंवा पहाटे पाणी द्या आणि बुंध्याभोवती वाळलेलं गवत किंवा पालापाचोळा पसरा. मातीत ओल टिकली, तर पर्णरंध्रं सकाळी जास्त वेळ उघडी राहतात. त्या दोन-तीन तासांच्या कमाईवरच रोपाला पुढचा पावसाळा गाठायचा असतो.